नवोना चौकातली पंधरा मिनिटं

माझ्या वडिलांनी रोम पाहिलं ते सिडनीत, कॅसल हिलच्या आमच्या घरात, सोफ्यावर बसून. पायात लोकरीचे मोजे, डोक्यावर टूर कंपनीची नारिंगी टोपी आणि मांडीवर शेंगदाण्यांची वाटी. एका शहराचे तेच ते चौक इतक्या शिस्तीत इतक्या वेळा पाहिलेला दुसरा माणूस सबंध सांगली जिल्ह्यात नसेल, आणि त्या शहरात त्यांचं पाऊल आजतागायत पडलेलं नाही.

आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे सिडनीला आले ते महासाथीच्या वर्षी, जानेवारीत. तेव्हा महासाथ हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारलेलाही नव्हता. तीन महिने लेकीकडे राहायचं, नातीचे लाड करायचे, एप्रिलमध्ये परत जायचं आणि मेमध्ये मुंबईहून ग्रुप टूरने युरोप, असा बेत होता. टूर कंपनीने टोप्या, गळ्यात अडकवायच्या पिशव्या आणि एक गुळगुळीत माहितीपुस्तिका आधीच देऊन ठेवली होती. ते सगळं बाबा ऑस्ट्रेलियाला बरोबर घेऊन आले. कशाला, असं विचारल्यावर म्हणाले, "बंद घरात चोरी झाली तर?" टोप्या चोरायला कोण येणार होतं, देव जाणे.

मार्चमध्ये सीमा बंद झाल्या, विमानं बंद झाली आणि टूर कंपनीचा मेसेज आला की सहल पुढील सूचनेपर्यंत स्थगित. त्यानंतर सलग काही दिवस बाबांनी आमटीत मीठ कमी की जास्त, हेसुद्धा सांगितलं नाही. आमच्या घरात ही परिस्थिती गंभीर समजली जाते.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. युरोपात त्यांना राजवाडे बघायचे नव्हते, चित्रं बघायची नव्हती. राजवाड्यात जिने असतात आणि त्यांचे गुडघे जिन्यांच्या विरोधात होते. त्यांना बघायचे होते रोमचे चौक. चौक सपाट असतो, तिकीट नसतं, बसायला जागा असते आणि मुख्य म्हणजे मधोमध कारंजं असतं. पंप नावाची वस्तू जन्माला येण्याआधी ही कारंजी केवळ उतारावर चालत होती, हे सांगताना त्यांचा आवाज थोडा जड व्हायचा. आयुष्यभर ज्या कालव्यांच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचवता आलं नाही त्यांची आठवण येत असावी.

शेवटी माझ्या नवऱ्याला दया आली. त्याने एका संध्याकाळी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि रोमच्या नवोना चौकात लावलेला एक लाइव्ह कॅमेरा शोधून दिला. आमच्याकडे दिवेलागण झालेली आणि पडद्यावर लख्ख सकाळ. लांबट, अंडाकृती चौक, तीन कारंजी, गुलाबी-पिवळ्या इमारती आणि माणूस औषधालाही नाही. इटलीत तेव्हा कडक लॉकडाऊन होता.

बाबा उठून उभे राहिले. आत गेले आणि टोपी घालून बाहेर आले.

दुसऱ्या दिवसापासून टूर सुरू झाली. मराठी माणसाच्या टूरला जे जे लागतं ते सगळं होतं. बाबा टूर मॅनेजर. नवरा बसचा ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉप त्याच्या हातात. आई, मी आणि आठ वर्षांची लेक हे प्रवासी. संध्याकाळी साडेसहाला जेवण, सातच्या ठोक्याला सगळे जागेवर. निघण्याआधी बाबा विचारायचे, "आपापला शेजारी आलाय का बघा." सोफ्यावर आम्ही इनमिन पाच जण, पण विचारल्याशिवाय बस सुटायची नाही. मग नवोना चौकात पंधरा मिनिटं, तिथून स्पॅनिश पायऱ्यांपाशी पंधरा मिनिटं, पोपोलो चौकात पंधरा मिनिटं, आणि सेंट पीटरच्या चौकात बाबांचं समारोपाचं भाषण. भाषण सुरू असतानाच लेक झोपून जायची, त्यामुळे ते भाषण घरात अत्यंत उपयुक्त मानलं जाई.

"आता आपल्या डाव्या हाताला बघा," बाबा सांगायचे. कॅमेरा स्थिर होता, डावीकडे आमचं कपाट होतं. तरी आम्ही बघायचो.

पहिल्याच आठवड्यात प्रत्येक चौकात फोटो झाले. म्हणजे टीव्हीसमोर उभं राहून, टोप्या घालून. आईने ते सांगलीच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. बाबांच्या एका चुलतभावाने लगेच लिहिलं, "सुखरूप पोहोचलात, वाचून आनंद झाला. तिकडे थंडी आहे का?" आईने उत्तर दिलं, "फार नाही." तिने ते खोडसाळपणाने लिहिलं की खरोखर सिडनीच्या थंडीविषयी, हे मला अजून कळलेलं नाही.

लेकीने तर कहर केला. ऑनलाइन वर्गात सोमवारी मुलं वीकएंडला काय केलं ते सांगत. आमच्या बाईसाहेबांनी सांगितलं, "आय वेंट टु रोम विथ माय आजी अँड आजोबा. वी गो एव्हरी नाइट." त्या दिवसांत इटली म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा यायचा. दुपारी तिच्या टीचरचा मला फोन आला. स्वर अत्यंत गोड. काही विशेष नाही, जस्ट चेकिंग, सगळे बरे आहात ना, आणि तुम्ही हल्ली कुठे प्रवास केलात का? मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्या बराच वेळ हसल्या आणि मग म्हणाल्या, "नो वरीज. उद्या सांता मारियाच्या चौकातही जाऊन या, तो फार सुंदर आहे." त्या तरुणपणी तिथे राहिल्या होत्या म्हणे. बाबांनी हे मार्गातला बदल म्हणून मनाला लावून घेतलं आणि टूर कंपनीच्या पुस्तिकेत तो चौक नाही, असं सांगून प्रस्ताव फेटाळला.

आई मात्र टूरमधली अवघड प्रवासी होती. प्रत्येक ग्रुपमध्ये अशी एक बाई असतेच.

तिचा पहिला वाद झाला तो गंगेवरून. नवोना चौकाच्या मधल्या कारंज्यात चार नद्यांचे पुतळे आहेत, आणि त्यांतली एक आपली गंगा आहे, हे बाबांनी मोठ्या अभिमानाने जाहीर केलं. आईने लगेच हात जोडले. मग चष्मा पुसून नीट पाहिलं आणि जोडलेले हात सोडवले.

"हा बुवा आहे," ती म्हणाली.

पडद्यावर ते एवढं काही दिसत नव्हतं, म्हणून नवऱ्याने दुसरीकडून मोठा फोटो काढून दाखवला. खरंच बुवा होता. चांगला दाढीवाला, हातात वल्हं घेऊन ऐसपैस बसलेला. बाबांनी समजावलं की युरोपात नदीला पुरुष मानायची पद्धत आहे. आई म्हणाली, त्यांनी त्यांच्या नद्यांना काय हवं ते मानावं, आमच्या बाईला दाढी लावायचं कारण नव्हतं. त्यानंतर तिने त्या पुतळ्याला कधी नमस्कार केला नाही, पण रोज त्याच्याकडे रागाने एकदा बघायची. माहेरच्या माणसाला सासरी नीट वागवलं नाही की बायका बघतात, तसं.

दुसरा वाद पंधरा मिनिटांचा. आईचं म्हणणं, चौक काय बघून संपतो? तिथे बसायचं असतं. येणारं-जाणारं बघायचं असतं. बाबा म्हणायचे, "येणारं-जाणारं कोणी आहे का? सगळं गाव घरात बसलंय." आणि ड्रायव्हरला खूण करायचे. बस निघायची.

पण येणारं एक माणूस होतं, आणि ते आईनेच शोधून काढलं. रोज आम्ही चौकात पोहोचलो की थोड्याच वेळात डावीकडच्या गल्लीतून एक म्हातारे गृहस्थ यायचे. तपकिरी कोट, डोक्यावर कापडी टोपी, बरोबर पांढरं ठिपक्यांचं बुटकं कुत्रं. कुत्र्याला फिरवायची तेवढी तिथे परवानगी होती. ते कारंज्यासमोरच्या दगडी बाकावर टेकायचे, खिशातून संत्रं काढून सोलायचे, दोन फोडी कुत्र्याला द्यायचे, बाकी स्वतः खायचे आणि सालं कोटाच्या खिशात घालून निघून जायचे.

"सालं खाली टाकली नाहीत," आई पहिल्या दिवशी म्हणाली. तिच्या लेखी माणसाचं चारित्र्य तिथेच सिद्ध झालं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बसतो बघ कसा. अगदी दादासारखा. बाकावर अर्धाच, निघायची घाई असल्यासारखा."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा मामा. सांगलीत गावभागात राहायचा. तो कुठेही गेला की खुर्चीच्या कडेवर बसायचा आणि तीन तास हलायचा नाही. आईने त्याला फोनवर सांगितलं, तुझ्यासारखा एक माणूस रोमला आहे. तेव्हापासून पडद्यावरच्या त्या गृहस्थांचं नाव रोमचे दादा पडलं, आणि मामा रोज फोनवर विचारायला लागला, "काय गं, माझा इटालियन आला होता का? काय खाल्लं?"

"संत्रं."

"रोज संत्रं? त्याला म्हणावं, सांगलीला ये, भडंग खा."

बहीण-भावाचा हा संवाद महिनोनमहिने चालला. मामाला त्या माणसाविषयी नाना शंका. बायको आहे का? मग ती का येत नाही? कुत्र्याला संत्रं देतो, म्हणजे कुत्रं कोकणस्थ असावं. आई फोनवर खुदुखुदु हसायची. बाबांना हे सगळं शिस्तभंगाचं वाटायचं. "इथे लोक कारंजी बघायला येतात," ते म्हणायचे, "आणि तुम्ही एका माणसाचं संत्रं बघता." पण संत्रं खाऊन होईपर्यंत ते ड्रायव्हरला खूण करत नसत, हे मी पाहिलं होतं.

सिडनी हळूहळू मोकळं झालं. लेक शाळेत जाऊ लागली. भारतात जाणारी विमानं मात्र धड सुरू झाली नाहीत. अडकलेल्यांना घरी नेणाऱ्या वंदे भारत विमानांच्या यादीत नाव लागायचं, पुढे सरकायचं, मागे यायचं. आई-बाबांचा व्हिसा वाढवला, पुन्हा वाढवला. रोमही मोकळं झालं, चौकात टेबलं मांडली गेली, उन्हाळ्यात माणसं दिसू लागली. रोमच्या दादांनी कोट काढला, बाही दुमडलेला शर्ट आला, तोंडाला मास्क आला. संत्र्याचा मोसम संपला तेव्हा ते पीच खाऊ लागले. हा बदल मामाला त्याच दिवशी कळवण्यात आला.

श्रावण संपता संपता मामाला ताप आला. ऑक्सिजन कमी झाला म्हणून मिरजेच्या एका हॉस्पिटलात नेलं. आईला फोन आला तेव्हा तिने स्वतःच सगळ्यांना धीर दिला. "दादाला काही होत नाही. चार दिवसांत घरी येईल, आणि नर्सनी चहा बरा दिला नाही म्हणून कुरकुर करेल." तिने त्या दिवशी पुऱ्या केल्या. चौथ्या दिवशी मामेभावाचा फोन आला की मामा गेला. घरी आणलंच नाही, परस्पर नेलं, दोघंच जण बरोबर होते.

आई रडली नाही. तिने फोन खाली ठेवला, आंघोळ केली, देव्हाऱ्यातला दिवा न लावता तसाच राहू दिला आणि ओट्यावर पडलेली सगळी भांडी घासली. डिशवॉशर आहे, असं मी म्हणाले नाही. संध्याकाळी सातला ती येऊन सोफ्यावर बसली. बाबा टोपी न घालता येऊन बसले. नवऱ्याने मुकाट्याने चौक लावला. रोमचे दादा आले, पीच खाल्लं, बी रुमालात बांधली आणि गेले. त्या दिवशी बाबांनी खूण केली नाही आणि आम्ही दुसऱ्या कुठल्याच चौकात गेलो नाही.

पुढे टूर पूर्ववत सुरू झाली. पण फोनवर खाल्ल्या-प्यायल्याची चौकशी करणारं कोणी उरलं नव्हतं. आई आता पडद्यावर तो माणूस दिसेपर्यंत बोलत नसे आणि दिसला की "आला," एवढंच म्हणे. ते कोणाला सांगायचं म्हणून नसे.

ऑक्टोबर उजाडला. पहिल्या रविवारी आमच्याकडे डेलाइट सेव्हिंगसाठी, म्हणजे संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून, घड्याळ तासभर पुढे करतात, ते मी केलं. बाबांना या प्रकाराची फार गंमत वाटली. सरकार म्हणतं म्हणून सात वाजायचे, ही गोष्ट पाटबंधारे खात्यालाही कधी सुचली नव्हती, असं म्हणाले. दिवसभर त्यांनी जेवणाच्या वेळेवरून विनोद केले. संध्याकाळी नव्या सातला आम्ही बाहेर अजून उजेड असताना चौकात जाऊन बसलो.

रोमचे दादा आले नाहीत.

पंधरा मिनिटं झाली, बाबांनी पाच मिनिटं बोनस दिली, मग बस निघाली. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाबांनी आईचं लक्ष दुसरीकडे वळवावं म्हणून चौकातल्या दगडी स्तंभाकडे बोट दाखवलं. "सावली बघ किती लांब पडायला लागली. दक्षिणायन. तिकडे आता थंडी सुरू होणार, म्हातारी माणसं बाहेर पडत नाहीत." मग दक्षिणायनावर त्यांनी सविस्तर माहिती दिली. आई ऐकत नव्हती. त्याच सुमारास बातम्यांत सांगायला लागले की इटलीत आकडे पुन्हा वाढतायत. मी रिमोट लपवून ठेवला, पण आईच्या फोनवर सगळ्या जगाच्या बातम्या येत होत्या, त्या कुठे लपवणार?

आठवडा उलटला. एका सकाळी मी ऑफिसच्या कॉलवर असताना स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर मी इडलीचे तांदूळ भिजत घालते ते मोठं स्टीलचं पातेलं आईने काढलं होतं, त्यात गळ्यापर्यंत पाणी भरलं होतं आणि देव्हाऱ्यातले बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि एवढासा पितळी गणपती तळाशी बसवले होते.

देव पाण्यात घालून बसणं हे मी आजवर लोकांच्या तोंडी ऐकलं होतं. मुलाच्या निकालासाठी, मॅचसाठी, निवडणुकीसाठी. खरोखर पाण्यात घातलेले देव प्रथमच पाहत होते, तेही ऑस्ट्रेलियात, एका इटालियन माणसासाठी.

"आई, हे काय?"

"दिसतंय ना. तो येईपर्यंत काढणार नाही."

बाबा चिडले. ते एरवी देवाच्या भानगडीत पडत नाहीत, पण हा अधिकारक्षेत्राचा प्रश्न होता. "रोमच्या माणसाला रोमचे देव आहेत. समोरच चर्च आहे त्याच्या. आपले देव कशाला वेठीला धरतेस?"

"त्यांच्या देवांना सध्या किती काम आहे बघताय ना?" आई म्हणाली. "आमचे इथे रिकामेच बसलेत."

नवरा आयटीतला. त्याने हळूच मला विचारलं, "आणि समजा तो आलाच नाही, तर एक्झिट प्लॅन काय आहे?" हा प्रश्न मलाही पडला होता. आईला विचारायची छाती दोघांचीही नव्हती. लेक पातेल्यात डोकावून म्हणाली, "आजी, कॅन बाप्पा ब्रीद?" आजीने सांगितलं की त्याला पाण्याची सवय आहे, दर वर्षी जातो. लेकीला पटलं. ती शाळेतून आली की आधी पातेल्यात बघून त्यांना हॅलो म्हणायची.

आई रोज सकाळी पाणी बदलायची. पातेलं अडकल्यामुळे इडल्या बंद झाल्या. मी स्वतः देव मानते की नाही हे मला नीट सांगता येत नाही, पण ओट्यापाशी चहा करताना मीही त्या तिघांकडे बघायला लागले. आणि मनातून घाबरले होते. तो माणूस गेलेलाच असणार, हे मला दिसत होतं. एवढा म्हातारा, एकटा, त्या शहरात. आणि आई त्याच्यासाठी महिनोनमहिने पाणी बदलत बसणार, हेही दिसत होतं. मामाच्या वेळी आम्ही तिला विमानात बसवू शकलो नाही. आता हेही मीच थांबवायला हवं होतं, आणि कसं ते मला सुचत नव्हतं.

त्या शनिवारी सात वाजता नेहमीप्रमाणे चौक लागला. टेबलं मांडली जात होती, एक बाई सायकलवरून गेली. पंधरा मिनिटं झाली. बाबांनी नवऱ्याला खूण केली, "चला, स्पॅनिश पायऱ्या."

"तुम्ही जा," आई म्हणाली. "मी बसमध्ये बसणार नाही."

बाबा तिच्याकडे वळले. टूरमध्ये प्रवासी मागे राहतो म्हणजे काय? "अगं, पुढचे चौक..."

"तुमचे चौक तुम्ही बघा. मला इथे बसायचंय." तिने पाय वर घेऊन मांडी घातली. "भेटायला आलेलं माणूस पंधरा मिनिटांत उठून जातं का कधी?"

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. लॅपटॉप तसाच राहिला. बाबा तणतणत खोलीत गेले, थोड्या वेळाने बाहेर आले, पाणी प्यायले, पुन्हा आत गेले. मी लेकीला झोपवून आले. आई तशीच बसलेली. मी तिच्या शेजारी बसले. तिला काय सांगायचं, याची मनात जुळवाजुळव करत होते. आई, वय झालं होतं त्यांचं. आई, आपली काही ओळखसुद्धा नव्हती. एकही वाक्य धड वाटत नव्हतं.

खिडकीबाहेर अंधार झाला. चौकात ऊन चढत गेलं, स्तंभाची सावली आखडत आली. आणि डावीकडच्या गल्लीतून ते ठिपक्यांचं बुटकं कुत्रं बाहेर आलं.

त्याच्या मागून रोमचे दादा. पुन्हा तोच तपकिरी कोट. ते अर्ध्या बाकावर टेकले आणि मास्क हनुवटीखाली ओढून संत्रं सोलायला लागले. काहीही झालेलं नसल्यासारखे.

"आला," आई म्हणाली.

मी पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे बारीक आकड्यांत रोमची वेळ लिहिलेली असते. आम्ही ती महिनोनमहिने कधी वाचली नव्हती. अकरा वाजून गेले होते. आणि आमच्या भिंतीवर आठ वाजून गेले होते. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत त्यांचे अकरा म्हणजे आमचे सात होते. घड्याळ पुढे सरकवलं होतं आम्ही, रोमने नव्हे. माझं पोट ज्या सॉफ्टवेअरवर चालतं त्याचं काम काय, तर निरनिराळ्या देशांतल्या मालाच्या वेळा जुळवणं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. ज्या देशात घड्याळ कधी पुढेमागे होत नाही तिथे वाढलेली चार शहाणी माणसं रोज तासभर आधी चौकात जात होती, माणूस नाही म्हणून हळहळत होती आणि शिस्तीत उठून पुढच्या चौकात जात होती. तो बिचारा रोज आपल्या वेळेवर येत होता.

बाबा आवाज ऐकून बाहेर आले होते. मी दोघांना सगळं समजावलं. बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले, मग स्तंभाच्या सावलीकडे. दक्षिणायनाविषयी कोणी काही बोललं नाही. मला हसू फुटलं, बाबांनाही फुटलं, आणि मला वाटलं आईही हसेल.

आई उठून स्वयंपाकघरात गेली. पातेल्यातून एकेक देव काढून तिने पदराने कोरडे केले आणि देव्हाऱ्यात ठेवले. परत येऊन ती सोफ्यावर बसली, तशीच, कडेला.

"म्हणजे तो रोज येत होता," ती म्हणाली. "आपणच आधी उठून जात होतो."

"हो गं. काही झालं नव्हतं त्यांना."

तिने मान डोलावली. पडद्यावर कुत्र्याला दुसरी फोड मिळाली. आई बघत होती, आणि बघता बघता तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

"दादासाठी मी देव पाण्यात ठेवले नाहीत गं," ती म्हणाली. "मला वाटलं, चार दिवसांत घरी येतोय, एवढ्यासाठी कशाला. मी पुऱ्या केल्या त्या दिवशी."

आणि ती रडायला लागली. इतक्या महिन्यांचं, मोठ्याने, दादा दादा करत, लहान मुलीसारखी. मी तिला धरून बसले. बाबा दुसऱ्या बाजूला येऊन बसले आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. त्यांना असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं. नवरा दारात उभा राहिला. काही वेळाने रोमचे दादा उठले, सालं खिशात घातली आणि कुत्र्याला घेऊन गल्लीत दिसेनासे झाले. बाक रिकामं झालं. आम्ही कोणी उठलो नाही.